पावण्याचे कान

वयाच्या तेराव्या वर्षी मी एका परक्या बाळाचे कान टोचून आणले. कुणाला न विचारता, भर दुपारी, गुजरीतल्या सोनाराकडे जाऊन, स्वतःच्या पेटीतली सोन्याची तार देऊन. कान टोचले की ते बाळ आपलं होतं आणि मग त्याला कुणी नेऊ शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत मला कुणी शिकवली नव्हती. ती मी मेंढरांकडे बघून स्वतःच्या डोक्यानं काढली होती, आणि त्या डोक्याचं तेव्हा आमच्या घरात फार कौतुक होतं. मी वर्गात वर असायचे, दिडकीचे पाढे धडाधड म्हणायचे, पेठेतल्या बायकांना पत्रं वाचून दाखवायचे. आता नातवंडं विचारतात, "आजी, तू लहानपणी हुशार होतीस का गं?" मी "होते की" म्हणते आणि पटकन कुणाच्या तरी ताटात पोळी वाढते. पण लिहायलाच बसले आहे तर हे कान लपवून काही चालणार नाही.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. घर म्हणजे पुढं दादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मागं दोन खोल्या आणि परसात पाण्याचा हौद. दादा म्हणजे माझे वडील. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर पंपाची फुसफूस यायची, मग हातोडीचे ठोके, मग घंटी. दुरुस्त झालेली सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दादा तिची घंटी वाजवून बघायचेच, मग ते पंक्चर काढायला आलेलं का असेना. मागच्या खोलीत आई. तिला सगळी पेठ आक्का म्हणायची म्हणून मीही आक्काच म्हणायचे. चुलीपुढं नसली की आक्का वाकळ शिवत बसलेली. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती असे बारीक टाके घालायची की दोन्ही बाजू सारख्याच दिसाव्यात. तिच्या टाक्यांना जेवढी शिस्त होती, तेवढी तिच्या तोंडाला अजिबात नव्हती. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती गेली होती, माझ्या पाठीवर कुणी नव्हतं, त्यामुळं त्या तोंडाचा सगळा लाभ मला एकटीलाच मिळायचा.

आमच्याकडं बाळं येऊ लागली ती एका पंक्चरमुळं. टाकून दिलेल्या मुलांचा एक आश्रम होता, तिथल्या मोठ्या बाई सायकलवरून फिरायच्या. जाड भिंगांचा चष्मा, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बाईमाणूस सायकलवर दिसलं की तेव्हा पोरं हुर्यो करत मागं धावायची, पण मोठ्या बाईंच्या मागं धावायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या आश्रमाच्या व्हरांड्यात एक पाळणा टांगलेला असायचा आणि शेजारी घंटा. बाळ ठेवून कुणी घंटा वाजवली की आतून लगेच दार उघडायचं नाही, थोडं थांबायचं, असा बाईंनीच घालून दिलेला नियम होता. ठेवणारीला तोंड झाकून जाता यावं म्हणून. त्या वयात मला तो नियम वेडगळ वाटायचा. चोर पकडायचा सोडून चोराला वेळ काय द्यायचा! मला दोन मुलं झाल्यावर त्या नियमाचा अर्थ कळला, आणि कळला तेव्हा मी हातातलं काम टाकून नुसती बसून राहिले होते.

तर, दादा पंक्चर काढत असताना बाई बाकड्यावर बसल्या होत्या. परसातल्या दोरीवर वाळत घातलेल्या वाकळा त्यांना दिसल्या. "पाळण्याच्या मापाच्या शिवून द्याल का?" त्यांनी विचारलं. आक्कानं शिवल्या आणि त्या पोचवायला मला बरोबर घेऊन गेली. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना ओळीनं पाळणे, फिनेलचा वास, सगळं लख्ख. मला ती खोली फार आवडली, कारण आमच्या घरात एवढं लख्ख काहीच नव्हतं. आक्का मात्र दारातच थबकली.

"एवढी पोरं, आणि आवाज कसा न्हाय गं?" तिनं तिथल्या आयाला विचारलं.

"सवय झालीया त्यास्नी," आया म्हणाली. बिचारी वाईट नव्हती, दमलेली होती. "आल्यावर रडत्यात चार दीस. मग गप ऱ्हात्यात. आमी दोघीच. कुणाकुणाकडं बघायचं, आक्का?"

आक्कानं जवळच्या पाळण्यातलं एक पोर उचलून खांद्यावर टाकलं. ते पोर ना बिलगलं, ना रडलं. टॉवेल टाकावा तसं पडून राहिलं. आक्का ते तसंच घेऊन मोठ्या बाईंच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्येला मी घरी न्हेतो. रडायला लागलं की आणून देतो."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘जातो, येतो’च म्हणतो. माझ्या पुण्याच्या सुनेनं माझ्यावर मेहनत घेतली, पण आता तीच रागात आली की ‘करतो’ म्हणते.)

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तान्ही पोरं अशी ओळीत ठेवायची नाहीत, घराघरांत सांभाळायला द्यायची, हे त्यांच्या मनात केव्हाचं होतं. आश्रमाच्या समितीतले लोक मात्र तयार नव्हते. घरात कोण काय करील कुणी बघितलंय, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी समितीतलं कुणी समोर नव्हतं आणि आक्का होती. बाईंनी दुधाच्या पावडरीचा डबा काढून दिला, बाटली उकळायची कशी ते दाखवलं, दर शनिवारी वजनाला आणायचं असं बजावलं आणि स्वतः फाटकापर्यंत सोडायला आल्या.

ते बाळ आमच्या घरात बरेच दिवस गप होतं. दादांनी एका पत्र्याच्या डबीत सायकलचे छर्रे घालून खुळखुळा केला, तो वाजवला की ते आवाजाकडं बघायचं, पण माणसाकडं नाही. आक्का स्वैपाक करताना त्याला पाठीशी बांधायची, शिवताना मांडीवर घ्यायची, निजताना कुशीत. मग एका दुपारी ती त्याला वाकळेवर ठेवून हौदावर गेली आणि खोलीतून असा टाहो फुटला की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. आक्का घागर तशीच टाकून धावत आली. उचलल्यावर पोर गप झालं. तिनं त्याला परत खाली ठेवलं, दोन पावलं मागं सरली. परत टाहो. मग तिनं डब्यातली होती नव्हती ती साखर काढली आणि पेठेत वाटायला निघाली. शेजारच्या चाची, म्हणजे टेलरकाम करणाऱ्या चाचांची बायको, दारात आल्या. "क्या आक्का, बारसं हाय का?"

"न्हाय वो. रडलं!" आक्का म्हणाली, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतनं पाणी चाललेलं.

रडलं की आणून देतो म्हणाली होती, ते ती सोयीस्करपणे विसरली. मोठ्या बाईही विसरल्या. पुढं चाचींनी एक बाळ घेतलं, मग पलीकडच्या आळीत एकीनं, मग आणखी एकीनं. चाचा उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची झबली शिवून सगळ्या घरांना पुरवायचे. एका बाहीला फुलं, दुसरीला चौकटी. शनिवारी सकाळी आमच्या पेठेतून वजनाला निघालेल्या बायकांची रांग बघण्यासारखी असायची. परवा माझी नात, जी समाजकार्याचं शिकते, मोठ्या अदबीनं म्हणाली, "आजी, तुमच्या घरी फॉस्टर केअर होतं." मी म्हटलं, आमच्या घरी पावणं होतं बाई, दुसरं काही ठाऊक नाही. तिनं मला सगळं समजावून सांगितलं. आता समित्या असतात, तपासण्या असतात, कागद संगणकावर असतात, आईबाप होऊ पाहणाऱ्यांना थांबावंही लागतं. ऐकून बरं वाटलं. तपासणी असती तर माझ्यासारखी पोरगी ज्या घरात आहे तिथं त्यांनी बाळ ठेवलं असतं का, हा प्रश्न मी तिला विचारला नाही.

पावणं का, तर आक्काचा दंडक होता की आश्रमाच्या बाळाला आपण नाव ठेवायचं नाही. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, तसं हे पावणं. मुलगा असो की मुलगी, पावणंच. "पावण्यानं दूध पिलं का?" "पावण्याला शी झालीय, ये लवकर." गिऱ्हाइकांना वाटायचं घरात कुणी म्हातारा पाहुणा येऊन राहिलाय. नुसतं नावच नाही. बारसं करायचं नाही, उष्टावण करायचं नाही, जावळ काढायचं नाही, कान टोचायचे नाहीत. बाळाची गरज असेल ते सगळं करायचं, भाताची पेज भरवायची, पण गाजावाजा करून, ओवाळून, पहिलं म्हणून जे काही करतात ते सगळं त्याच्या होणाऱ्या आईसाठी ठेवायचं. "तिनं पोट न्हाय बघितलं, जन्म न्हाय बघितला," आक्का म्हणायची, "तिच्या वाट्याला कायतरी पयलं नगो व्हय?" हे मी शंभरदा ऐकलं होतं. पाठ होतं मला. पाढ्यांसारखं.

मी आठवीत असताना जे पावणं आलं ते मुलगी होतं. आली तेव्हा मूठभर होती, आणि कुरळं जावळ तेवढं भरघोस. तिला पंपाचा आवाज फार आवडायचा. दादांनी फुस्स फुस्स सुरू केलं की ती बाटलीसुद्धा चोखत गप प्यायची, म्हणून दादा हवा भरलेल्या चाकालासुद्धा पंप मारत बसायचे. मी शाळेतून आले, दप्तर आदळलं की ती कुठं असेल तिथून माझ्याकडं बघून दोन्ही हात वर करायची. माझ्याकडं बघून दोन्ही हात वर करणारं जगात तोपर्यंत कुणी नव्हतं. मी पार वाहवले. मैत्रिणींना "माझी बहीण" म्हणून सांगू लागले. नाचणीचं सत्त्व मीच भरवायचे, त्यातलं अर्धं मीच खायचे, आणि तिचं वजन वाढलं की माझी कॉलर ताठ.

एका संध्याकाळी मोठ्या बाई ब्रेक लागत नाही असं सांगून आल्या. ब्रेक चांगला लागत होता. आत येऊन आक्काजवळ पाटावर बसत म्हणाल्या, "हिला दत्तक घ्यायला गारगोटीचं जोडपं तयार आहे. दोघंही शाळेत शिकवतात. खूप वर्षं वाट बघतायत. मी घर बघून आले, माणसं मोकळ्या मनाची आहेत. पुढच्या शनिवारी न्यायला येतील."

"बरं झालं की," आक्का म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी त्या भाकरीकडं बघत होते. करपली नाही. ही बाई दगडाची आहे, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं, आणि पोरीला वाचवायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली.

त्याच रविवारी दादांबरोबर मी कोडोलीला आत्याकडं गेले होते. तिच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. रस्त्यानं दुसरा एक कळप आला आणि बघता बघता दोन्ही कळप मिसळले. सगळी मेंढरं मला तरी सारखीच दिसत होती. म्हातारा धनगर मात्र शांतपणे एकेकाचा कान धरून बघायचा आणि ढकलायचा. हे हिकडं, हे तिकडं. मी विचारलं, "बाबा, तुमचं कुठलं ते कसं कळतंय?"

"कानाची खूण बघ की. ही माझी," तो म्हणाला. "एकदा खूण केली की कुणी बी येऊ दे, माझं मेंढरू न्हेत न्हाय."

झालं. परतीच्या वाटेवर दादा ऊस दाखवत होते, मी कान बघत होते.

दुसऱ्या दिवशी आक्का रॉकेलच्या रांगेत गेली. रांग मोठी असायची, दुपार सहज जायची. दादा दुकानात गुंतलेले. मी पेटीतून माझ्याच कान टोचण्याची जुनी सोन्याची तार काढली, पावण्याला कडेवर घेतलं, परसदारानं निघाले. गुजरीतले ते सोनार आमच्या ओळखीचे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आक्का न्हाय आली?"

"रॉकेलला गेलीया. मला म्हणाली टोचून आण जा."

"आश्रमाचं पोर न्हवं ह्ये?"

"आता आमचंच हाय," मी म्हटलं. खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. जरा लवकर बोलतेय एवढंच वाटलं.

त्यांनी तार तापवली, टोक घासलं आणि मला म्हणाले, "घट्ट धर." मी मांडीवर घट्ट धरलं. आमच्या घरी रडण्याचं कौतुक असायचं, पण हे ते रडणं नव्हतं. पहिला कान झाल्यावर तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं. दुसरा कान टोचेपर्यंत मीही भोकाड पसरलं होतं, आणि सोनारांनी आम्हा दोघींना खडीसाखर दिली.

घरी आले, हळद लावली, आणि उंबऱ्यावर अशी बसले की जणू किल्ला जिंकून आलेय. आक्का कॅन घेऊन आली. तिनं आधी कॅन खाली ठेवला, मग पावण्याला घेतलं, कोमट पाण्यानं कान पुसले, तार वळते का बघितलं, खांद्यावर टाकून थोपटलं. पोर झोपल्यावर मग आक्का माझ्याकडं वळली.

"कुणी केलं ह्ये?"

"मी."

"का?"

मी सांगितलं. धनगर, कळप, खूण, सगळं. दादा दुकानाच्या दारातून डोकं आत घालून ऐकत होते. त्यांना हसू आवरेना. "मग वजनाला आता मेंढरांच्या बाजारात न्यावं लागतंय, शकू," असं काहीतरी ते म्हणाले. आक्कानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, तसे ते पंप मारायला गेले. कुठलं चाक होतं देव जाणे.

मार बसेल म्हणून मी गाल तयार ठेवला होता. आक्का समोर बसली आणि हळू आवाजात बोलली, आणि तिचा हळू आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. "एवढी वर्सं वाट बघितली त्या बाईनं. तिच्यासाठी म्हणून चार गोष्टी मी बाजूला ठेवल्या हुत्या. त्यातली एक तू खाल्लीस."

तिसऱ्या दिवशी एक कान सुजला. अंगात ताप. चाची मिठाच्या पाण्याचा शेक द्यायला येऊन बसल्या, "या अल्ला, ही पोरगी हाय का आफत" असं मला उद्देशून दर थोड्या वेळानं म्हणत. डॉक्टरांनी औषध दिलं. पावणं माझ्याकडं यायला तयार नव्हतं. हात पुढं केला की कान झाकायला मान वळवायचं. ताप उतरल्याबरोबर आक्का तिला घेऊन आश्रमात गेली, मलाही ओढत नेलं. कुणी विचारायच्या आधी तिनंच मोठ्या बाईंना सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून कान बघितले. मग म्हणाल्या, "आक्का, पुढच्या बैठकीत हेच ठरायचं आहे. घरी मुलं द्यायची की बंद करायची. समितीतले लोक निमित्तच शोधतायत. गारगोटीच्या मंडळींनी तक्रार केली, तर माझ्या हातात काही राहणार नाही. सगळी बाळं परत इथं आणावी लागतील."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. ओळीतले पाळणे दिसत होते. आता त्यांतले बरेच रिकामे होते. मी तिकडं बघितलं. चाचींकडचं, पलीकडच्या आळीतलं, सगळीच पावणी माझ्या डोळ्यांपुढं एकेक करून त्या पाळण्यांत जाऊन गप पडली.

"चूक माझ्या घरात झाली," आक्का म्हणाली. "माझं घर बंद करा. परत एक पोर देऊ नगा मला. बाकीच्यांची नगा करू, बाई."

स्वतःसाठी कधी काही न मागणारी माझी आई. तिला त्या बाळांपलीकडं काय होतं हो? तेच तिनं टेबलावर काढून ठेवलं. आज हे लिहिताना मला तिच्या पाया पडावंसं वाटतं. तेव्हा मी टेबलाखाली बघत उभी होते.

शनिवारी गारगोटीचे दोघं आमच्या घरी आले. बाळ कचेरीत हातात द्यायचं नाही, ते राहतं त्या घरातून न्यायचं, ही मोठ्या बाईंची पद्धत. त्या पुढं, मागं सर हातात छत्री घेऊन, त्यांच्यामागं मास्तरीणबाई. उंच, इस्त्रीचं सुती पातळ, आणि आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. आक्कानं चहाच्या कपबशा ठेवल्या, पण कुणी उचलायच्या आत म्हणाली, "आधी ऐका, मग च्या प्या. पोरीचं कान टोचल्यात. माझ्या ह्या लेकीनं, न विचारता. तुमचं हुतं ते करायचं. माझ्याकडनं राखणं झालं न्हाय."

मास्तरीणबाईंचा हात तेव्हाच पिशवीत गेला होता. तो तसाच बाहेर आला. मुठीत सोनाराचा गुलाबी कागद होता. त्यांनी तो उघडला. आत दोन डूल, ज्वारीच्या दाण्याएवढे. दुकानातला पंप थांबला. सर म्हणाले, "अहो, असं कसं? निदान विचारायला तरी..." आणि मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

मास्तरीणबाई खाली बसल्या. पावण्याच्या कानाकडं त्यांनी बघितलं, हात लावला नाही. एका पाळीवर अजून लाली होती. मग मला म्हणाल्या, "तूच व्हय ती? हिकडं ये."

मी गेले.

"रडली का गं टोचताना?"

"लई."

"मग तू काय केलंस?"

"मी बी रडलो."

"मांडी कुणाची हुती?"

"माझीच."

त्यांनी सरांकडं बघितलं, आणि एकाएकी अशा हसायला लागल्या की पावणं दचकून त्यांच्याकडं बघत राहिलं. "अवो, ऐकलं का? वर्षभर मी ह्यांच्याशी भांडतोय," त्या आक्काला सांगू लागल्या, "कान टोचायला मामाची मांडी लागती, जावळाला मामाची मांडी लागती, आणि मला भाऊ न्हाय. ह्यांच्या मावसभावाला बसवायचा म्हणं! तो दारू पितोय, मी म्हटलं नगो. मिटलं की आता. मामा घावला!" आणि माझा दंड धरून, "जावळाला बी तुलाच यायला लागतंय हं, मामा. आणि तवा मला न विचारता कात्री लावलीस तर बघ."

सर हसले. दादांनी दुकानातून उगाचच एक घंटी वाजवली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ परत घातला नाही. बैठकीत त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. घरं बंद झाली नाहीत, आमचंसुद्धा नाही, एवढं मात्र ठाऊक आहे.

निघताना आक्कानं पोरीची वापरातली वाकळ बांधून दिली. "ही लगेच धुऊ नगा. वास असू द्या तिला जरा दीस." मग खुळखुळा दिला. मग म्हणाली, "आणि दूध पीत न्हाय म्हणाली की पंपाचा आवाज काढायचा." सरांनी छत्री काखेत धरून, भर पेठेत, फुस्स फुस्स करून बघितलं. पावण्यानं त्यांच्याकडं असं बघितलं की जणू काम बरं आहे, पण हात अजून बसायचा आहे. मंडळी गेल्यावर आक्का चुलीपुढं बसली आणि भाकऱ्या थापत राहिली. खाणारे आम्ही तिघं, आणि भाकऱ्या टोपलीभर.

काही महिन्यांनी जावळाचं बोलावणं आलं. मामा म्हणून मी नवा फ्रॉक घालून, पोरीसाठी टोपडं घेऊन आक्काबरोबर गारगोटीला गेले. तिला आता नाव होतं. ते तिचं आहे, म्हणून मी इथं लिहीत नाही. चालायला शिकली होती. कानात ते डूल. मी दारातूनच दोन्ही हात पुढं केले. तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं आणि वळून मास्तरीणबाईंच्या पातळात तोंड खुपसलं. मला वाटलं, लाजली. जावळ काढताना माझ्या मांडीवर बसवलं, तर आकाशपाताळ एक केलं, पार हात ताणून "आई, आई" करत. शेवटी त्यांनी समोर बसून तिचे दोन्ही हात धरले तेव्हा कात्री लागली. जेवायला पुरणाची पोळी होती, कटाची आमटी होती. ती सगळ्यांच्या ताटांपुढं फिरली, सरांच्या ताटातलं पुरण खाल्लं, अनोळखी पाहुणीकडं बघावं तसं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढं गेली.

परतीच्या एस. टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले. मास्तरीणबाईंनी बांधून दिलेल्या पोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. आवाज न करता रडतेय असं मला वाटत होतं, पण पुढच्या बाकावरचा माणूससुद्धा वळून बघत होता. आक्कानं बराच वेळ रडू दिलं. मग कोपरानं ढोसून म्हणाली:

"वळखलं न्हाय म्हणून रडतीयास व्हय? अगं, आईला वळखून रडली न्हवं ती? मग झालं की आपलं काम. पूस डोळं. आणि तो डबा हिकडं दे, तुला जात नसंल तर मी खातो."